सेलिनने न केलेली चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर आता नाहीच. टाळायला कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी नोकरी होती, मग निवृत्ती जवळ आली, मग वाटलं, जुनं उकरून कुणाचं भलं होणार? आता सत्तरी उलटली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. हाही भित्रेपणाच, नाही का?

निवृत्तीनंतर मी बोळिंजला फ्लॅट घेतला. लोक विचारायचे, सगळं आयुष्य मुंबईत काढलं, मग इकडे कसे? मी म्हणायचो, हवा चांगली आहे. खरं कारण एवढंच की इथून निर्मळ गाव जवळ. आणि निर्मळला सेलिन होती.

सेलिन आणि मी एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर काम करायचो. मी तिला लवकरच ‘अगं’ म्हणू लागलो. ती मात्र शेवटपर्यंत ‘सावंत, तुम्ही’वरच राहिली. आमच्यात तसं काही नव्हतं. — नाही, खरं लिहायला बसलोय तर खरंच लिहितो. माझ्या बाजूने होतं. ती हसली की दिवस बरा जायचा. ती रजेवर असली की सूक्ष्मदर्शकाची काच पुसत बसायचो, काम सुचायचं नाही.

आमचं काम थोडक्यात सांगतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण सगळी एकदम काम करत नाहीत. काही जागी, काही झोपलेली. एखादं विष रोज थोडं थोडं अंगात जात राहिलं, तर हे जागणं-झोपणं बिघडतं. कर्करोगातही बिघडतं. केळीच्या बागांत औषध फवारणाऱ्यांच्या रक्तात असा बिघाड दिसतो का, हे शोधायचं, ही कल्पना सेलिनची. गाव तिचं, बागा तिच्या माणसांच्या.

रक्त द्यायला लोक बिचकत होते. तिने सगळ्यांत आधी बागेत फवारणी करणाऱ्या आपल्या भावाला, पास्कलला, खुर्चीत बसवलं. “एवढं रक्त काढतेस, निदान मटण तरी खायला घाल,” तो ओरडला, आणि चर्चच्या आवारातली सगळी माणसं हसली. मग रांग लागली, फवारणारे पुरुष आणि तुलनेसाठी न फवारणारे बायका-पुरुषही. सेलिनच्या शब्दावर लागली, हे लक्षात ठेवा.

रक्तातून जे हवं ते काढून आम्ही छोट्या नळ्यांत ठेवायचो. पुढच्या टप्प्यात एका स्टँडमधून दुसऱ्या स्टँडमधल्या नळ्यांत थेंब थेंब घ्यायचे. तिथे नावं नसायची. कितव्या जागेवरची नळी, यावरूनच माणूस ओळखायचा. म्हणून स्टँडच्या एका कोपऱ्यावर लाल खूण असे. ती डाव्या हाताला आली पाहिजे. शाळकरी पोरालाही जमेल इतकं सोपं.

त्या दुपारी मी हेच करत होतो आणि सेलिन दारात उभी होती. “सावंत, चहा गार झाला तर मला बोलायचं नाही हं!” मी घाई केली. तिच्याबरोबर चहा प्यायला मिळावा म्हणून घाई केली.

काही आठवड्यांनी आकडे आले. ती माझ्या टेबलाशी धावत आली. “अहो सावंत, आमचा पास्कल बाई झालाय!” एक जनुक असं आहे की ते बायकांमध्येच जागं असतं. ते पास्कलच्या नावापुढे जागं दिसत होतं. ती पोट धरून हसली. मग पुढची ओळ पाहिली, त्याच्या पुढची पाहिली, आणि तिचं हसू गेलं. माणसांची अदलाबदल झाली होती.

मला त्या क्षणीच आठवलं. लाल खूण माझ्या उजव्या हाताला होती. स्टँड मी उलटा धरला होता.

बोललो का? नाही.

वरिष्ठांनी आम्हाला बोलावलं. गावात सेलिनने रक्ताच्या नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवताना घोळ झाला असेल का, त्यांनी विचारलं. सेलिन विचारात पडली. “गर्दी होती... मी बोलत होते सगळ्यांशी... असेल.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“शक्य आहे,” मी म्हणालो.

एवढंच. दोनच शब्द. सगळे नमुने बाद ठरले आणि काम बंद झालं. दुसऱ्यांदा रक्त मागायला गावात जायचं तिला तोंड उरलं नाही.

आणि याहून वाईट पुढे आहे. मी एकट्याने ते आकडे शेवटून सुरुवातीकडे लावून पाहिले. सगळं जागेवर बसलं. पास्कल पुन्हा पुरुष झाला. फवारणी करणाऱ्यांमध्ये पेशीची मोडतोड दुरुस्त करणारी जनुकं मंद दिसत होती. माणसं मोजकीच होती, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण गावात परत जाऊन ‘जपा, आपण आणखी तपासू’ म्हणण्याइतकं ते नक्की होतं. ते मला माहीत होतं. मला एकट्याला. गप्प का राहिलो? कारणं देता येतील. देत नाही.

सेलिनने राजीनामा दिला. जाताना जिन्यात थांबून मला म्हणाली, “सावंत, माझ्यामुळे तुमची मेहनत वाया गेली. माफ करा.” आणि मी मान हलवली. मी तिला माफ केलं!

ती गावातल्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. माझं नाव झालं, पुढे खुर्चीही मिळाली. शेजारच्या टेबलावर दुसरी माणसं येऊन गेली. चहाची वेळ झाली की मी अजून दाराकडे बघायचो.

बोळिंजला आल्यावरही तिच्या दारात जायला मला फार काळ लागला. पास्कल तोवर रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. फवारणीमुळेच गेला, असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं कुणालाच सांगता येत नाही. मी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ती ओटीवर मोगरा गुंफत बसली होती. केस पांढरे, हात तेच. “सावंत! किती वाळलात हो!” म्हणाली. मग भावजयीला हाक मारली. “ये गं, हे बघ कोण आलंय. माझ्या चुकीने यांचं काम बुडालं, पण कधी एका शब्दाने बोलले नाहीत.”

भावजय चहा ठेवायला आत गेली. सेलिनचा हात दोऱ्यावर थांबला. “कधीकधी वाटतं, चिठ्ठ्या मी नीट लावल्या असत्या, तर पास्कलला वेळेवर काही कळलं असतं. तुम्हाला काय वाटतं?”

तिने सरळ मलाच विचारलं. माझ्याच तोंडून उत्तर हवं होतं तिला.

मी म्हणालो, “किती जुनी गोष्ट! सोडून दे आता.”

तिने मान डोलावली. निघताना केळ्यांची फणी दिली. पुन्हा या म्हणाली. पुढच्या वेळी नक्की सांगेन, असं म्हणत मी घरी आलो. जाणं लांबवत राहिलो, आणि मग एक दिवस ती गेल्याचा निरोप आला.

चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर सगळे कबरीपाशी गेले. एकेकाने पुढे होऊन मूठभर माती टाकायची असते. माझी पाळी आली. माती ओली होती. वाकलो. सेलिन, तू चुकली नव्हतीस, मी चुकलो होतो. मला क्षमा कर — सगळं ओठांपर्यंत आलं होतं. मागे तिची भावजय उभी होती, तिला तरी ऐकू गेलं असतं. मी माती टाकली आणि बाजूला झालो.