गुणाजीची फळी

कळव्याच्या मिठागरातून उठून गुणाजी कल्याणच्या रेल्वे यार्डात कोळसा उतरवायला आला आणि आठ वर्षांत मुकादम झाला. यात कर्तबगारी एवढीच, की साहेब दिसला की सगळ्यांच्या आधी याचा सलाम. मुकादम झाल्यावर त्याने फावडे खाली ठेवले ते ठेवलेच. पायात वहाणा, हातात छत्री आणि तोंडाचा पट्टा सदैव चालू. पुन्हा कोळशाला हात लावायचा नाही, एवढीच त्याची इच्छा. त्यात मला काही गैर वाटत नाही. गैर वाटते ते पुढचे.

एकोणिसावे शतक सरत आले होते. घाट चढणाऱ्या इंजिनांना कोळसा पुरत नव्हता आणि मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे उघडे डबे, लहान होत्या. एका वाघिणीत जास्त कोळसा कसा न्यावा, या विवंचनेत कंपनीचा एक साहेब यार्डात हिंडत होता. चाके आणि स्प्रिंगा त्याने भक्कम करून घेतल्या होत्या, अडले होते ते कोळसा भरायच्या पेटीपाशी. त्याने कारकुनाला काहीतरी विचारले आणि गुणाजीला राहवले नाही. मिठाची होडी, मचवा, भरताना आमच्याकडे काठावर फळ्या ठोकतात, मग निम्मे मीठ जास्त बसते, असे त्याने हातवारे करून सांगितले. साहेबाने वहीत चित्र काढले आणि त्याची पाठ थोपटली. पुढे महिनाभर गुणाजी त्या पाठीची गोष्ट सांगत होता.

मिठागरातली माणसे मचवा फक्त भरतात, तो रिकामा करणारे दूरच्या बंदरावर असतात. इथे रिकामी करणारी टोळी आपलीच आहे, हे या शहाण्याच्या ध्यानातच आले नाही.

फळ्या चढवलेल्या वाघिणी आल्या. टोळीने दिवसाला चार वाघिणी उतरवायच्या, हा नियम मात्र जुनाच राहिला. दोन दिवसांत सगळ्यांचे खांदे भरून आले. टोळीत गुणाजीची बायको मालनही होती.

तिसऱ्या दिवशी गुणाजी आला तर टोळी सावलीत बसलेली, आणि प्रत्येक वाघिणीवर जुन्या काठापाशी चुन्याची रेघ ओढलेली. त्याने आवाज चढवला, मुकादमी दाखवली. मालन जागची उठलीसुद्धा नाही.

"रेघेच्या खालचा कोलसा आमचा," ती म्हणाली. "वरचा तुझे डोक्यातून आलाय, तो तूच उतरव."

वरचा निघाल्याशिवाय खालच्याला हात घालता येत नव्हता, आणि वाघिणी भरलेल्या राहिल्या तर मुकादमी जाणार होती. गुणाजीने छत्री मिटली, वहाणा काढल्या आणि तो वर चढला. टोळी त्याचे काम होईपर्यंत निवांत बसून राहिली. मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही.

पंधरवड्याने साहेब आला. वाढवलेला भाग एकटा माणूस उपसतो आहे हे पाहून तो खूश झाला. वरच्या भागाला एक माणूस पुरतो, असे त्याने कारकुनाला लिहून घ्यायला सांगितले आणि अजून एक फळी चढेल का, असे विचारले. काळ्याठिक्कर गुणाजीने हात जोडून नाही नाही म्हटले. साहेबाला तो विनय वाटला.

दुसरी फळी चढली. रेघ तेवढी वर सरकवा, म्हणून गुणाजीने टोळीच्या विनवण्या केल्या. मालनने त्याला तांब्याभर पाणी दिले आणि त्याचे पिऊन होईपर्यंत वाघिणीला शिडी लावून धरली.