डाव्या पात्याची कड

बर्फाच्या मैदानाच्या जिन्याखाली धारवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक यंत्र, एक स्टूल आणि खिळ्यांना टांगलेले बूट. तीस वर्षं तो स्केटिंगच्या बुटांच्या पात्यांना धार लावत आला. स्वतः मात्र बर्फावर कधी उभा राहिला नाही. "मी आडवा झालो तर उचलायला क्रेन लागेल," म्हणायचा.

धाकट्या भावाची मुलगी पाच वर्षांची असल्यापासून तिची पाती त्याच्याच हातची. पात्याच्या मधोमध बारीक पन्हळ आणि दोन्ही बाजूंना कडा असतात. त्या समान हव्यात. केसभर फरक पडला तरी पाय दगा देतो. पात्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवून तो एक डोळा मिटून बघायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि मगच बूट पुतणीच्या हाती द्यायचा. ज्युनिअर गटात ती सलग तीन वर्षं पहिली आली.

सोळाव्या वर्षी ती सीनिअर गटात गेली. पहिल्याच स्पर्धेतून संघ निवडणार होते. आणि नेमकं त्याच वर्षी धारवाल्याच्या डोळ्यांपुढे धुकं धरू लागलं.

"पोरीची पाती तरी समोरच्या दुकानातल्या नव्या यंत्रावर पाठवा," बायको म्हणाली. "तुम्हाला दुधातली माशी दिसत नाही."

"मग गाळून देत जा."

"हसण्यावारी नेऊ नका. तिचं वर्ष आहे हे."

त्याने हसण्यावारीच नेलं. दिसत नाही हे कबूल केलं तर पाती दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि तेवढंच त्याला नको होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने पट्टी ठेवली, डोळा मिटला. पट्टी सरळ दिसली.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यात वरच्या रांगेत बसला. सरावाच्या फेरीत पुतणीने डाव्या पायाकडे पाहिलं, मग मान वर केली. त्याने जोरजोरात हात हलवला. तिनेही हलवला.

ती दोनदा पडली. एकदा तर गेल्या वर्षी झोपेतही मारली असती अशा उडीवर. संघाची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं.

"उंची चार बोटं वाढली, तोल गेला," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. घरातही सगळ्यांनी तेच धरलं. तिनेही मान डोलावली.

आठवड्याने बूट दुकानात आले. पाती पुसताना सवयीने त्याने पट्टी ठेवली, पण चष्मा कपाळावर होता म्हणून अंगठ्याने दाबून पाहिली. डाव्या पात्यावर ती कलली. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा कलली. तो स्टुलावर बसला तो पुतणी येईपर्यंत उठला नाही.

"पाऊल टाकल्याबरोबर कळलं होतं ना तुला?"

ती नाडीची गाठ सोडवत राहिली. "उंची वाढलीय ना काका, म्हणून."

"मला फसवतेस? बाईंना सांगायचंस. थांबवलं असतं त्यांनी, दुसरे बूट..."

"तुम्ही वर बसला होतात," ती म्हणाली. "हात हलवत होतात."

वर मैदानावर कुणीतरी लहान मूल पडलं आणि रडायला लागलं. मग त्याने एक कागद घेतला. पन्हळ किती खोल, डावा पाय कसा आत पडतो, टाचेकडे हात हलका ठेवायचा. अकरा वर्षं हाताला ठाऊक असलेलं सगळं त्याने मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं, तरी ओळी एकमेकींवर चढल्याच. बूट आणि कागद त्याने तिच्या हातात दिले.

"समोर जा. त्याला हे वाचायला लाव, दोनदा."

तिने कागद वाचला. डोळे पुसले.

"काका, आणि देवाचं नाव? ते काही तो घेणार नाही."

"ते मी इथे बसून घेईन," तो म्हणाला, आणि यंत्राची वायर काढून गुंडाळू लागला.