आठ हळू गाणी आणि आमचा कूलर

गाणं म्हटलं की त्यात काही तरी व्हायले पाहिजे ना बाप्पा? ढोलक वाजली पाहिजे, रडायचं तर धडधडीत रडलं पाहिजे. आमच्या यायच्या गाण्यात काहीच होत नाही. गिटार टुणटुण करते, माणूस खिडकीबाहेर पाहत बोलल्यासारखा गाते, आणि आपण 'आता सुरू होईल, मग सुरू होईल' म्हणून वाट पाहावी तर गाणं संपलेलं असते.

यायच्या म्हणजे ह्यांच्या, माझ्या यजमानांच्या. नाव घेत नाही मी, पण इथं घेतल्याशिवाय भागायचं नाही. जितेंद्र. गांधीबागेत ठोक कपड्याच्या दुकानात काउंटरवर असतात. दिवसभर तिथं ओरडतात, "पॉपलिन काढ बे! अस्तर दाखव भाऊले!" आणि घरी आले की असे हळू गातात की वाटावं, बाजूच्या खोलीत कोणाचं लेकरू निजलं आहे.

हे खूळ लागलं अजनीच्या रेल्वे क्वार्टरात. माझे सासरे रेल्वेत खलाशी होते. बाजूले एक गार्डसाहेब राहायचे, ते रविवारी दुपारी टेपरेकॉर्डरवर इंग्रजी गाणी लावायचे, अशीच, संथ. हे पोरगं कुंपणाले टेकून ऐकायचं. गार्डसाहेब रिटायर होऊन गाव सोडून गेले तेव्हा जुनी गिटार याच्या हातात देऊन गेले. मी एकदा विचारलं, "तुम्हाले शब्द एक समजत नव्हता, मग आवडलं तरी काय?"

"त्या गाण्यात कोणी घाई करत नव्हतं, माया," हे म्हणाले.

आता हे काय उत्तर झालं?

मग हे स्वतःच मराठीत तशी गाणी करायले लागले. एक ऐका: 'सावकाश ये, रस्ता काही पळत नाही, दिवा लावून ठेवला आहे, मी झोपत नाही.' मी म्हटलं, "कोणासाठी लावून ठेवला दिवा? मी तर कवाचीच झोपली असते."

"कोणासाठी नाही वं. असंच."

"असंच कोणी दिवा जाळते काय?" यावर हे हसले. मले तर राग आला होता, आणि राग नेमका कशाचा ते माझं मलेच समजलं नाही.

बरं, गायचे तेही लपून. आमच्या घराले भिंत लागून रुपरावजींचं घर. लग्न झालं त्या वर्षी यायनं गिटार काढली की रुपरावजी पलीकडून ओरडायचे, "काय गा जितेंद्र, कोणी गेलं काय?" म्हणून यायनं युक्ती काढली. समोरच्या खोलीच्या खिडकीत आमचा मोठा लोखंडी कूलर. तो लागला की त्याच्या घरघरीत बाहेर काही ऐकू जात नाही. हे कूलरजवळ खुर्ची ओढून बसायचे आणि गायचे. मधूनच मान वळवून कान कूलरकडे करायचे, मले वाटे वारा घेतात. उन्हाळा संपला, मग ऑक्टोबरची गरमी संपली, कूलर बांधून ठेवला, की गिटारही पलंगाखाली जायची. हिवाळ्यात लग्नसराई, दुकानात मरायले फुरसत नाही, म्हणून असेल, असंच मी धरून चालली होती.

यंदा गणपतीच्या आधी यायच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, जिवाले धोका नाही. पण आवाजाच्या नसेले चिकटून आहे. काढल्यावर आवाज बदलू शकते." दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता हे म्हणतात, "आठ गाणी आहेत माझी. आधी ती रेकॉर्ड करतो. आल्बम."

मी म्हटलं, "करा, पण दुकानाच्या सुट्ट्या वाया घालवू नका." तोंडानं असं म्हटलं. पोटात दुसरंच होतं. गाण्याचं मले काही नव्हतं. पण सकाळी 'माया, चहा' म्हणणारा जो आवाज आहे, तो गेला तर काय करायचं, ही भीती मले बसली होती. ते कसं बोलणार? लग्नाले पंचवीस वर्षं झाल्यावर कोणी असं बोलते काय?

आमच्या खुशीच्या, म्हणजे पोरीच्या, कॉलेजातला एक मित्र आहे अनिश. मनीषनगरात त्याचा छोटासा स्टुडिओ आहे. तिथं गेलो. थंडगार एसी, काचेची खोली, कानाले मोठमोठे डबे. यायनं गिटार छेडली, अनिशनं कीबोर्ड वाजवला आणि तोंड वाकडं केलं. "काका, तुमची गिटार थोडी वर लागली आहे." त्यानं मशीन लावून ती सुरात आणली. तर आता काकाले गाताच येईना! घरी डोळे मिटून गाणारा माणूस, तिथं पायरी चुकल्यासारखा घसरून राहिला. गिटार जुन्यासारखी ठेवली तर कीबोर्डशी जुळेना, खाली आणली तर काका जुळेना. दुसऱ्या खेपेले तेच, तिसऱ्या खेपेले तेच.

मग ज्याले त्याले अक्कल सुचली. खुशी म्हणे, बाबा घाबरतात. रुपरावजी म्हणे, आलं-मध चाटव. कोणी म्हणे गाठीनंच आवाज धरला. हे म्हणाले, "त्या खोलीत मले काही तरी चुकल्यासारखं वाटते. काय ते सांगता येत नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं!" मी स्टुडिओच्या जिन्यातच बोलून गेली.

यायनं घरी आल्यावर गिटार आलमारीवर टाकली आणि म्हणाले, "राहू दे. ऑपरेशन करून घेऊ." आणि ते ज्या आवाजात म्हणाले ना, तो माझ्या कानातून जाईना. म्हटलं, हा आवाज असाच कुठं उतरवून न ठेवता जाणार काय? मी अनिशले फोन केला. "बाबा रे, एकदा घरी येऊन ऐक. घरी असे नाही गात ते."

रविवारी दुपारी तो आला. ऑक्टोबरची गरमी, अंगाचं पाणी होऊन राहिलं होतं, कूलर लावलेला. मी गिटार काढून यायच्या मांडीवर ठेवली. नाही-हो करत करत हे गायले. सगळं गाणं, सरळ, एकही पायरी न चुकता. अनिश म्हणाला, "काका, हेच तर पाहिजे!" त्यानं माइक काढला, वायरी जोडल्या. "काकू, तेवढा कूलर बंद करा, आवाज येऊन राहिला."

मी कूलर बंद केला. आणि हे घसरले.

तेच घर, तीच खुर्ची, तीच गिटार, तोच माणूस. हे खुंट्या पिळतात, पुन्हा सुरू करतात, पुन्हा थांबतात. अनिश आपल्या मशीनकडे पाहते, खुशी माझ्याकडे, मी छताकडे. भुताटकीच झाली म्हणायची! माझं डोकं तापलं. "मरू दे तुमचा आल्बम, इथं जीव चालला," म्हणत मी कूलरचं बटन दाबलं.

तशी यायनं मान वळवली, कान कूलरकडे केला, एक खुंटी जराशी पिळली आणि तार छेडली. हे मान वळवणं मी हजारदा पाहिलं होतं. अनिशनं पहिल्यांदा पाहिलं. तो उठला, कूलरच्या जाळीले कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, ती तार पुन्हा वाजवा." यायनं वाजवली. पोरगा खदखदून हसला. "काकू, काकांची तार आणि तुमचा कूलर एकाच सुरात आहे! काका, तुम्ही मोटरीच्या घरघरीवर गिटार लावता!"

यायलेच माहीत नव्हतं. लोकांपासून लपायले ज्याच्या आडोशाले बसले, त्याचाच सूर धरून बसला होता हा माणूस इतकी वर्षं. कीबोर्डवर तो सूर नाहीच, दोन पट्ट्यांच्या मधात पडते, असं अनिशनं वाजवून दाखवलं. हे कूलरकडे असे पाहत राहिले, बाप्पा, की मलेच कसंनुसं झालं. अंगण खरंच वाकडं होतं.

मग कीबोर्ड नाही, एसी नाही, काही नाही. कूलर चालू ठेवूनच आठही गाणी झाली. दिवाळीच्या आत खुशीनं इंटरनेटवर टाकली. रामटेकच्या माझ्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, गाणी चांगली आहेत, पण मागे पाऊस काहून पडून राहिला?" तिचा नवरा मागून म्हणे, "ते सोड, गाणं कवा सुरू होते ते विचार!" मी दोघांनाही झापलं. काहून झापलं? चार महिन्यांआधी मीच तसं म्हणत होती की.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, साधीच होती. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, आवाज येईल हळूहळू, पण तोच येईल असं सांगता येत नाही. सुरुवातीले यायनं बोलायचंच नव्हतं. मग कुजबुजायची परवानगी मिळाली, तर हे तेही करेनात. चहा पाहिजे तर कप दाखवायचे. मी दिवसभर एकटी बडबडायची. मोबाइलवर ती गाणी लावून ऐकायची, हे दुकानात नुसते हिशोब लिहायले गेले की. आता मले त्यात काही होत नाही असं वाटत नव्हतं. पण काय होते, तेही सांगता येत नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी पाहते तर यायनं गिटार काढलेली. एक तार छेडली, खुंटी पिळली, आणि सवयीनं कान खिडकीकडे वळवला. तिथं कूलर जुन्या चादरीत बांधून ठेवलेला. यायनं गिटार खाली ठेवली.

मी पोळ्या टाकून उठली, चादर ओढली आणि कूलर लावला. पाणी नाही, तरी बर्फासारखा वारा अंगावर आला. पलीकडून रुपरावजी ओरडले, "काय वं माया, ह्या थंडीत कूलर? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आमचा कूलर, आमचं बिल!" म्हटलं, स्वेटर चढवलं आणि पुन्हा चुलीशी गेली. समोरच्या खोलीत कूलर घरघरत होता. हे तार लावत होते. एक लागली, दुसरी लागली. मले एवढं बरं वाटलं की काय सांगू.

तेवढ्यात मागून कोणी तरी हाक मारली, "माया."

जाड, फाटका, परका पुरुषी आवाज. "कोण आहे?" म्हणत मी हात पुसत आली, यायच्या समोरून गेली आणि दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. रुपरावजींचंही दार बंद होतं. मी गेटापर्यंत पाहून आली.

परत वळली तर हे माझ्याकडे पाहत होते. गिटारवरचा हात तसाच. त्यायले समजलं होतं की मी ओळखलं नाही. आणि मले आता समजलं.

हसावं की रडावं, काही उमगेना. पोळी जळल्याचा वास येऊन राहिला होता. मी दार लावलं आणि कूलरसमोर, त्या गार वाऱ्यात, यायच्या पायाशी बसली.

"आणखी बोला," मी म्हटलं.

"काय बोलू?" तो आवाज म्हणाला.

"काहीही बोला. सावकाश बोला. मले घाई नाही."