भिंतीपलीकडे ताई

ऑफिसात त्याला सगळे फासेवाला म्हणत. जुगाराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कॅन्सरवर किरण सोडणारं यंत्र बसवायचं, तर खोलीची भिंत किती जाड हवी, ते तो कॉम्प्युटरवर काढायचा. यंत्रातून सुटलेला कण काँक्रीटमध्ये कुठे आपटेल, कुठे वळेल, देव जाणे. म्हणून प्रत्येक आपटीला कॉम्प्युटरने फासा टाकायचा आणि कणाला पुढे ढकलायचं. असे ढीगभर कण सोडले की पलीकडे किती पोचतात याचा अंदाज येतो.

स्वभावाने भित्रा. गॅस बंद केला का बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारा. “याची भिंत जाडच असणार,” साहेब हसायचे. आणि आज हॉस्पिटलात त्याच भिंतीपलीकडे यंत्र चालवायला त्याची सख्खी ताई बसली होती. पोटुशी. भिंतीपलीकडे किती किरण येतात ते मोजणारे दुपारी यायचे होते, पण साहेबांनी त्याच्या अहवालावरच पहिला पेशंट घ्यायला सांगितलं.

काम लवकर उरकावं म्हणून त्याने ते अनेक कॉम्प्युटरवर वाटलं होतं. फाइल बंद करता करता त्याने सहज एकेकाचं उत्तर वेगळं उघडलं. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळी सारखी! त्याने साहेबांना बोलावून ती दाखवली.

“मग बिघडलं काय? सगळ्यांचं एकमत. घरात तरी होतं का असं?” साहेब म्हणाले.

“एकमत नाही, साहेब. एकच जण बोलतोय, बाकीचे री ओढतायत.”

प्रत्येक कॉम्प्युटरला फासे सुरू करायला वेगळा आकडा द्यायचा असतो. त्याने सगळ्यांना एकच दिला होता. सगळीकडे तेच फासे, त्याच क्रमाने पडले होते. म्हणजे ढीगभर कण सुटलेच नव्हते; थोडेच पुन्हा पुन्हा मोजले गेले होते.

वेगवेगळे आकडे घालून त्याने थोडे थोडे कण पुन्हा सोडले. पहिलं उत्तर सुरक्षित मर्यादेच्या आत. दुसरं बाहेर. तिसरं आत, पण अगदी काठावर.

त्याने फोन लावला.

“ताई, बटण दाबू नकोस.”

“आता? पेशंट आजोबा टेबलावर झोपलेत, दार लागलंय. भिंत तुझीच ना रे?”

“म्हणूनच सांगतोय.”

“झोपाळ्यावर बसायलासुद्धा घाबरायचास तू. तुझ्या भित्रेपणापायी आजोबांना ताटकळत ठेवू?”

“भिंत पुरेल की नाही, मला माहीत नाही गं. माहीत आहे असं लिहून दिलंय मी.”



“फोन ठेव,” साहेब मागून म्हणाले. “सरासरी काढ. सरासरी आत बसेल.”

साहेबांपुढे त्याने कधी मान वर केली नव्हती. आत्ताही ती खालीच होती.

“बसेलही. पण त्यासाठी अजून पुष्कळ कण सोडावे लागतील, साहेब. तोवर ती तिथे बसणार नाही.”

साहेबांनी फोनसाठी हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी कानाशी घट्ट दाबून धरला. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. जड दार कुरकुरत उघडलं.

“आजोबा, उतरा,” ताईचा आवाज आला. “हळू. माझा हात धरा.”