ऑलवेजची जागा

काल शिकवणीत एका मुलीने ‘ऑलवेज’ क्रियापदानंतर लिहिलं, आणि मला नव्वदच्या दशकातला रोह्याचा एसटीडी बूथ आठवला. तापलेली काच, रिसीव्हरला येणारा घामाचा वास.

शेजारच्या रिबेकाकाकूंचं अन्नपाणी सुटलं होतं. जहाजावरच्या मुलाला बोलावून घ्यायचं होतं. जहाज कंपनी निरोप फक्त घरच्यांकडून, तोही इंग्रजीत घ्यायची. घरात होती एकटी सून, सिमोन. ती मूळची फ्रेंच बोलणारी. मराठी मोडकंतोडकं, इंग्रजी माझ्याकडे शिकत होती.

फोन लागत नव्हता. ती घोकत होती, “शी आस्क्स ऑलवेज फॉर हिम.”

“नाय गो, ऑलवेज आधी.”

“आमच्यात नंतर येतं,” ती रडवेली होऊन म्हणाली.

अखेर लाइन लागली, तेवढ्यात गल्लीतला दत्तू धावत आला. “काकू गेल्या गो,” तो म्हणाला.

सिमोनने डोळे मिटले. मग रिसीव्हरमध्ये सावकाश म्हणाली, “शी ऑलवेज आस्क्ड फॉर हिम.”

ऑलवेज जागेवर आलं, एवढंच तेव्हा माझ्या लक्षात आलं. क्रियापद तिने एका श्वासात भूतकाळात नेलं होतं, ते आज ऐकू येतं.