नोंदणी क्रमांकाची ओळ

शैला गेल्याचा फोन तिच्या धाकट्या भावाचा, अलोऱ्याहून आला. चार दिवस विश्रांतीला म्हणून ती त्याच्याकडे गेली होती. सकाळी भावजय चहा घेऊन खोलीत गेली, तेव्हा सगळं संपलं होतं. "झोपेतच गेली ताई, काही त्रास झाला नाही," तो म्हणाला. त्रास झाला नाही... गेल्या सात आठवड्यांत हे वाक्य मला रत्नागिरीतल्या कितीतरी लोकांनी ऐकवलं. त्यांतल्या काहींनी तिला भरपूर त्रास दिला होता, आणि त्यांच्यात मीही आहे.

डॉ. शैला दातांची डॉक्टर. आमच्या इमारतीत तळमजल्यावर तिचा दवाखाना, वर मी. मी शाळेत मराठी शिकवायचे. तिचा संध्याकाळचा चहा माझ्याकडे, हा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. स्वभावाने सडेतोड, हाताने मात्र फार हळुवार. वाचण्यासारखा दात ती काढत नसे. "काढून टाका एकदाचा" म्हणणाऱ्याला ती तीन-तीन खेपा घालायला लावी आणि दात वाचवी. लोकांना त्याचा कंटाळा येई. पुढे नाक्यावर एका गृहस्थाने गाळा घेऊन 'दातांचा दवाखाना' अशी पाटी लावली, तेव्हा लोक तिकडे वळले. तो कुठे शिकला हे कोणी विचारलं नाही. तो एका बैठकीत दात काढून देई, तेवढं लोकांना पुरे होतं.

मिरकरवाड्याची हमीदा दात काढायला त्याच्याकडेच गेली होती. शैलाकडे आली ती आठव्या दिवशी, गालाला ओढणी दाबून. "बाय, माजा तोंड उघडत नाय," एवढंच कसंबसं बोलली. पू जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता. शैला स्वतः गाडीत बसवून तिला कोल्हापूरला घेऊन गेली. हमीदा वाचली, पण तिचा चेहरा एका बाजूने कायमचा बसला. परत आल्यावर शैलाने नोंदणीच्या कार्यालयाकडे तक्रार केली. डॉक्टरांची नावं ज्या वहीत असतात, ती वही सांभाळणारं हे कार्यालय. उत्तर आलं, की सदर इसमाचं नाव आमच्या नोंदवहीत नाही, त्यामुळे त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई आम्हाला करता येत नाही, पोलिसांकडे जावं. पोलीस म्हणाले, तो डॉक्टर नाही असं त्या कार्यालयाचं पत्र आणा. हे असं वर्षभर चाललं.

मग एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू छान लिहितेस. लोकांसाठी चार ओळी लिहून दे. दाताला हात लावू देण्याआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा, एवढंच कळलं पाहिजे." मी लिहून दिलं. आणि मीच सुचवलं, की खाली उदाहरण म्हणून तुझं नाव आणि तुझा क्रमांक घाल, क्रमांक कसा दिसतो ते तरी लोकांना समजेल. ती जरा घुटमळली होती... "जाहिरात वाटेल गं," म्हणाली. मी म्हटलं, "तुझी कसली जाहिरात? काहीतरीच." पत्रकं छापली, बाजारात आणि जेट्टीवर वाटली.

महिन्याच्या आत त्याच कार्यालयाची नोटीस आली. नोंदणीकृत डॉक्टरने स्वतःच्या नावाची जाहिरात केल्याची कोणीतरी तक्रार केली होती. तक्रार कोणी केली हे गावाला ठाऊक होतं. शैलाचं नाव वहीत होतं, म्हणून तिच्यावर कारवाई करता येत होती. चौकशीला मुंबईला जायचं होतं. "येतेस का बरोबर?" तिने विचारलं. माझी निवृत्ती वर्षावर आली होती, सरकारी कागदावर नाव नको अशी भीती मनात होती. शाळेत परीक्षा आहेत असं मी सांगितलं. परीक्षा संपल्या होत्या, आणि समोरच्याच शाळेला सुट्टी लागल्याचं तिला दवाखान्याच्या खिडकीतून दिसत होतं. "बरं," म्हणाली आणि एकटी गेली.

तीन महिने नोंदणी स्थगित. दवाखान्याच्या दाराला तिने स्वतःच्या अक्षरात कागद लावला, 'माझी नोंदणी स्थगित असल्याने दवाखाना बंद आहे.' "घरगुती कारणाने बंद, असं लिही ना," मी म्हटलं. "खोटं का लिहू?" म्हणाली. लोक कागद वाचत आणि नाक्यावर जात. तीन महिन्यांनी दार उघडलं तेव्हा निम्मे पेशंट आले नाहीत. आले, त्यांना तिने काही विचारलं नाही. माझ्याकडे चहाला ती पूर्वीसारखीच येत राहिली. तो विषय मात्र आम्ही दोघींनी कधी काढला नाही...

ती गेल्यावर तिचे कागद आवरताना चौकशीतला तिचा जबाब सापडला. पत्रकाचा मजकूर कोणी लिहिला, क्रमांक कोणाच्या सांगण्यावरून घातला, असे प्रश्न होते. तिचं उत्तर, 'मजकूर माझा. क्रमांक मीच घातला.' खोटं लिहिणार नाही म्हणणाऱ्या शैलाचं मला माहीत असलेलं हे एकच खोटं.

भावाच्या सांगण्यावरून त्या वहीतून तिचं नाव कमी करण्याचा अर्जही मीच लिहिला. आठ दिवसांत उत्तर आलं, नाव कमी केलं आहे. इतकी तत्परता त्या कार्यालयाने याआधी कधी दाखवली नव्हती. मागच्या आठवड्यात भावाचा पुन्हा फोन. "ताईची खुर्ची कोणीतरी मागतंय, नाक्यावर त्यांचा दवाखाना आहे म्हणे. देऊन टाकू का?" मी नाही म्हटलं, आणि का, तेही सांगितलं.

किल्ली माझ्याकडे आहे. काल खाली जाऊन खुर्ची पुसली आणि तिच्यात बसले. सुई टोचण्याआधी शैला प्रत्येकाला सांगायची, "दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन." आणि थांबायचीच, कितीही घाई असली तरी. मी डोळे मिटून बराच वेळ बसले. दोन्ही हात मांडीवरच ठेवले होते.