एक विषय राहिला

मटारचा हंगाम आला की आईची नखं हिरवी व्हायची. मंडईतल्या व्यापाऱ्याकडून पोतं यायचं, ते सोलून हॉटेलवाल्याला पोचवायचं, आणि त्या कामाला घरातले चौघंही बसायचे. बाबा त्याच मंडईत हमाली करायचे. दिवसभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस घरी येऊन पुन्हा पोत्यासमोरच बसायचा. अकोल्याकडच्या गावात हाताला काम नव्हतं म्हणून ते पुण्यात आले, कसबा पेठेत एक खोली घेतली आणि त्या खोलीत आम्ही दोघं भावंडं मोठी झालो. बाबांच्या पाठीत उसण भरली की ते पडून असायचे, आणि आई डाळीत पाणी वाढवायची. उपाशी आम्ही कधी झोपलो नाही. पण पोट भरलं का, असं आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नसे.

दादा माझ्याहून बराच मोठा. मटार सोलताना तो समोरच्या डब्याला टेकवून पुस्तक उघडं ठेवायचा. हात चिकट झालेले असायचे म्हणून पान उलटायचं काम माझं. "लहाने, पान," एवढंच म्हणायचा. मी त्याची पानं उलटत उलटत वाचायला शिकले असं म्हटलं तरी चालेल.

तो बारावी झाला आणि कॉमर्सला गेला. आईच्या आणि बाबांच्या, दोन्हींकडच्या माणसांत कॉलेजची पायरी चढलेला तो पहिला. आई मंडईत सगळ्यांना सांगायची, "माहा पोरगा कालेजात जाते." एक भाजीवाला तिला म्हणाला, "मावशी, मग आता मटार इंग्रजीत सोलणार का?" आईनं ते घरी येऊन हसत हसत सांगितलं. तिला तो टोमणासुद्धा आवडला होता.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी दादा दुपारीच घरी आला. म्हणाला, "नापास झालो." गणित राहिलं होतं. बाकी सगळे विषय निघाले होते, पण ते तो बोलला नाही आणि आम्ही विचारलंही नाही. नापास म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. गावाकडचे चुलतभाऊ दहावीत नापास झाले आणि कामाला लागले. शाळा संपते, काम सुरू होतं, मध्ये दुसरं काही नसतं. बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते, तर दादा उलटून काहीतरी बोलला असता, चार गोष्टी बाहेर आल्या असत्या, असं मला अजूनही वाटतं. त्या काळात भोसरीत शेडमागून शेड उभ्या राहत होत्या. परदेशी गाड्यांचे सुटे भाग इथंच बनायला लागले होते, आणि मशीनवर उभी राहतील अशी पोरं सगळ्यांनाच हवी होती. शेजारच्या काकांनी शब्द टाकला, आणि दादा एका वर्कशॉपमध्ये लागला. कॉलेजकडे तो पुन्हा फिरकला नाही.

काही वर्षांनी मीही कॉमर्सलाच गेले. आणि पहिल्याच वर्षी मीही एका विषयात नापास झाले, अकाउंट्समध्ये. बोर्डावर नंबर पाहिला आणि सरळ ऑफिसच्या खिडकीशी गेले. लायब्ररीचं कार्ड परत करायचं, मगच घरी जायचं, असं ठरवलं होतं. आपलं कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही, ही आईची शिकवण.

खिडकीतल्या क्लार्कनी कार्डाकडे पाहिलं. "हे कशाला?"

"नापास झाले."

"किती विषयांत?"

"एका."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "मग आपण पेपरात जाहीर करायचं का? अहो, एटीकेटी आहे. वरच्या वर्गात बसा, राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत द्या. आणि ते कार्ड उचला, मागे माणसं उभी आहेत."

मी तिथून घरापर्यंत जवळजवळ पळत आले. दादाची दुसरी पाळी होती, तो जेवत होता. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली. नापास झालेय पण नाही झाले, वर्ष वाया जात नाही, विषय राहिला तरी पुढे जाता येतं.

"एक राहिला तरी?" दादानं विचारलं.

"एक काय, दोन-तीन राहिले तरी चालतात म्हणे."

"हे नवीन निघालंय का?"

"नाही. आधीपासून असतं म्हणे."

"असं होय." त्यानं ताटातली भाकरी मोडली, ती परत ताटात ठेवली. "बरं झालं," म्हणाला. हात धुतला आणि डबा उचलून निघून गेला.

आई म्हणाली, "काऊन गेला हा असा? अर्धी भाकर तशीच ठेवली ना बाप्पा."

मला तेव्हा काही कळलं नाही. माझा आनंद फार मोठा होता. संध्याकाळी पाणी भरायला नळावर उभी होते तेव्हा कळलं, आणि बादली भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं. त्याचाही एकच विषय राहिला होता. त्याच्या वेळेलाही खिडकीत कुणीतरी बसलेलं असणार. पण त्यानं लायब्ररीचं कार्ड कधी काढलंच नव्हतं, परत करायला काही नव्हतं, म्हणून तो खिडकीपर्यंत गेलाच नाही. बोर्ड पाहिला आणि घरी आला.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, मान वर करून सांगते, त्यात लाजायचं काय? बाबा माझा पदवीचा कागद हातात घेऊन बराच वेळ बसले होते, आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, तेही सांगते. पण सांगताना दर वेळी एक खंत वाटते. मी दुसरी असायला हवी होते. घरात आधी एक पदवी असावी, दादानं मला चिडवावं, "माझ्या नोट्स वापरून पास झालीस," असं म्हणावं, याची हौस माझी राहूनच गेली.

पुढे दादाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, आणि पुणंही बदललं. हिंजवडीच्या बसेस सुरू झाल्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं चहाच्या टपरीवर इंग्रजीत भांडायला लागली. मी दिवसा एका विमा ऑफिसात काम करायचे, आणि संध्याकाळी कोथरूडच्या एका कॉलेजात. तिथे नोकरी करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग भरत. संस्थाचालकांचा मुलगा अमेरिकेतून परत आला होता. त्यानं सगळ्यांची नावं बदलली. शिपाई ऑफिस असिस्टंट झाले, मुलांच्या अडचणी ऐकून सल्ला देणारी मी सक्सेस कोच झाले. पाणी पिण्याच्या नळाशेजारी मला टेबल मिळालं. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे येणारा यशस्वी होवो न होवो, पाणी पिऊन जाईल."

आम्हाला ट्रेनिंग दिलं होतं. मुलांना विचारायचं, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस? मी पहिल्या आठवड्यात विचारलं. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आत्ता सव्वानऊची बस चुकली तर मी स्वतःला डेक्कनपर्यंत चालताना बघते." तेव्हापासून मी तो प्रश्न बंद केला.

माझी पद्धत वेगळी होती. ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हती. निकालाच्या दिवशी मी टेबलाशी बसायचेच नाही. बसस्टॉपवर जाऊन उभी राहायचे. पास झालेली पोरं कॉलेजात रेंगाळतात, चहा पितात, फोन करतात. ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं आहे, ती नापास झाली तरी रेंगाळतात, सरांना गाठतात, पुनर्तपासणीचं विचारतात. सरळ बसस्टॉप गाठतात ती आमच्यासारखी. त्यांना अडवायचं असेल तर तिथेच. एकदा बस आली की संपलं.

अशाच एका निकालाच्या संध्याकाळी दादा मला न्यायला आला होता. माझी स्कूटर बंद पडली होती. मोटरसायकल स्टॉपच्या बाजूला लावून तो माझी वाट बघत होता. तेवढ्यात कुरिअरची मोठी बॅग पाठीला लावलेला एक मुलगा गेटमधून तरातरा आला आणि माझ्याकडे न बघता स्टॉपच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"काय रे, किती राहिले?"

"सोडा ना मॅडम."

"किती, ते विचारलं."

"दोन."

"मग उद्यापासून सेकंड इयरच्या वर्गात ये. वरच्या मजल्यावर."

"मॅडम, मी नापास झालोय."

"ऐकलं मी. बहिरी नाहीये. दोन राहिले तरी वर जाता येतं. ते दोन पुढच्या परीक्षेत सोडव."

"खरंच?"

"नाही, मला संध्याकाळी इथं धूर खायला आवडतं, म्हणून उभी आहे."

तो हसला. मग खरोखर हसला. बस आली, ती त्यानं सोडून दिली आणि गेटमधून पुन्हा आत गेला, वेळापत्रक बघायला.

दादानं गाडी चालू केली नाही. हॅन्डलवर हात ठेवून तो गेटकडे बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "लहाने, माझ्या वर्गातल्या पोरांना माहीत असेल का गं तेव्हा?"

मला खोटं बोलता आलं असतं. "असणार," मी म्हटलं.

"हं. माझी कुणाशी ओळखच नव्हती. लेक्चर झालं की मी मंडईत यायचो." मग किक मारली. "बस."

पौड रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी मागून विचारलं, "दादा, आता येतोस का?"

"कुठे?"

"कॉलेजात. संध्याकाळी."

"डोकं फिरलंय तुझं. माझी पोरगी वयात यायला लागली, आणि मी मिसरूड फुटलेल्या पोरांत जाऊन बसू?"

ते त्यानं हसत म्हटलं. पण नाही असं म्हटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. माझं कामच ते. म्हणून मी विषय सोडला नाही. राखीपौर्णिमेला विचारलं, दिवाळीला विचारलं. वहिनी माझ्या बाजूची होती. आईनं तर भाजी निवडता निवडता एकदा त्याला सरळच सांगितलं, "जाय ना बाप्पा. तुह्या बापानं तुले कधी काही म्हटलं नाई. पण तो रोज सकाळी मंडईत जाताना तुह्या कालेजावरून जाये. लांबचा रस्ता होता तो."

हे मलाही माहीत नव्हतं. दादा उठून बाहेर गेला. जूनमध्ये त्यानं प्रवेश घेतला.

जुनं वर्ष धरलं गेलं नाही. अभ्यासक्रम कधीच बदलला होता. पहिल्या वर्षापासून सगळं पुन्हा. पहिली पाळी संपवून, अंगाला मशीनच्या तेलाचा वास घेऊन तो कोथरूडला यायचा आणि खिडकीजवळच्या बाकावर बसायचा. कॉलेजच्या आवारात मला "मॅडम" म्हणायचा, तेही अशा आवाजात की मला हसू आवरायचं नाही. पोरं त्याला काका म्हणायची. एकीनं तर पहिल्याच दिवशी त्याला सर समजून उभं राहून नमस्कार केला होता. पाणी प्यायच्या निमित्तानं तो माझ्या टेबलाशी यायचा, ग्लास भरायचा आणि हळूच विचारायचा, "हे डेबिट-क्रेडिट उलटं का असतं गं?" मी सांगायचे. लहानपणी मी त्याची पानं उलटायचे, तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नसेल. तरी एक सांगते. त्याला त्या बाकावर बघताना माझ्या डोळ्यांसमोर सतत दुसराच मुलगा यायचा. बारीक अंगाचा, ओठावर नुकती रेघ आलेला, लेक्चर संपताच मंडईकडे पळणारा. त्याला कुणीच परत आणणार नव्हतं.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी दादा कारखान्यात होता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. बोर्ड मी पाहिला. एक विषय राहिला होता. मुलांना बसस्टॉपवर इतक्या सहज सांगणारी मी, गेटजवळच्या कट्ट्यावर बसून राहिले. शेवटी फोन लावला.

मागे मशीनचा आवाज. "बोल."

"दादा, निकाल लागला."

"हं."

"एक राहिलाय."



"मग?" तो म्हणाला. "वरचे वर्ग कधी सुरू होतात तेवढं सांग. आणि फोन ठेव, सुपरवायझर बघतोय."

दादा बी.कॉम. झाला. सेकंड क्लास मिळाला. कारखान्यात त्याचं काम तेच राहिलं, पगारही तोच, आणि बढती मागायला तो गेलाही नाही. बाबा नव्हते. आई होती. आमच्या घरात आता दोन पदवीधर आहेत.